वाजवून पाहिलेले चाक

कार्बन तंतूंविषयीच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्या बहुधा अभिमानाच्या असतात. तेजस विमानाच्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन संमिश्र पदार्थांचे आहे, आणि त्यांत मोठा वाटा कार्बन तंतूंचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने कार्बन-कार्बन पदार्थाची हलकी नॉझल तयार केल्याचे जाहीर केले. तिच्यामुळे पीएसएलव्हीची वहनक्षमता १५ किलोग्रॅमने वाढेल असे सांगण्यात आले. या बातम्यांत एक प्रश्न सहसा येत नाही. असा पदार्थ एकदा कशावर तरी जोराने आदळला आणि वरून काहीच मोडलेले दिसत नसेल, तर त्याच्यावर पुन्हा भार टाकायचा की नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो चोळपुरम् येथे, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. (राजेंद्र चोळाचे गंगैकोंडचोळपुरम् ते निराळे. हे कुंभकोणम्‌हून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे छोटे गाव.) भावोजींचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर प्रांतात आले. घरात आजही मराठी चालते, परंतु तिच्यात तमिळ इतकी मुरली आहे की पहिले दोन दिवस मला कान देऊन ऐकावे लागते. भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी शर्यतीची सायकल घेतली. तिची दोन्ही चाके कार्बनची. पहाटे उठून अणैक्करैपर्यंत, म्हणजे कोळ्ळिडम् नदीवरील बंधाऱ्यापर्यंत जाऊन यायचे, हा त्याचा नेम. अशाच एका पहाटे एका मोरीच्या तुटलेल्या कडेवर पुढचे चाक आदळले. तो पडला नाही. टायरही फाटला नाही. घरी पोहोचेपर्यंत हवा मात्र उतरली होती.

मी गेले तेव्हा ते चाक घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, भिंतीला टेकवून ठेवलेले होते. रिमच्या डाव्या बाजूला, टायर बसतो त्या ओठाजवळ, चकचकीत लाखेत दोनेक सेंटिमीटरची केसासारखी रेघ. बाकी काही नाही. पंधरा दिवसांनी मित्रांबरोबर कोल्लि डोंगरावर जाण्याचा त्याचा बेत ठरलेला होता. त्या घाटाला ७० वळणे आहेत.

"मावशी, तू ध्वनिलहरींवरच पीएच.डी. केली आहेस. बघून सांग, चालेल ना?"

ताई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. प्रश्न मात्र तिचाही तोच होता.

पदार्थाचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. पितळेचा हंडा हातातून निसटला तर त्याला पोचा पडतो. ॲल्युमिनियमची रिम दगडावर आपटली तर तीही दबते, वाकते, आणि सायकल दुकानदार तिचा आऊट काढून देतो. धातूतील अणूंचे थर एका मर्यादेपलीकडे एकमेकांवरून घसरतात, आणि आघाताची ऊर्जा त्या घसरण्यात खर्च होते. पोचा ही त्या खर्चाची पावती होय. धातूही थकून तुटतो, अचानकही तुटतो; पण ज्या आघाताने तो दुबळा होतो त्याची खूण बहुतेक वेळा अंगावर राहते.

कार्बनच्या तंतूला अशी घसरण माहीत नाही. तो सुमारे ५ ते ७ मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या भागाइतका. ओढून तोडायचा म्हटले तर ३ ते ५ गिगापास्कल ताण त्याला लागतो. मात्र दीड-दोन टक्के ताणला गेला की तो सरळ तुटतो. असे हजारो तंतू इपॉक्सी राळेत बसवून पातळ पापुद्रे करतात, वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचतात, आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. तंतूंच्या दिशेने हा पदार्थ अचाट बळकट असतो. दोन पापुद्र्यांच्या मध्ये मात्र केवळ राळ असते. बाहेरून ठोका बसला की भिंत क्षणभर आत वाकते आणि लगेच पूर्ववत होते. त्या क्षणात आतले पापुद्रे एकमेकांपासून सुटू शकतात, आतल्या पृष्ठभागावरचे तंतूही तुटू शकतात. पृष्ठभाग पुन्हा सपाट दिसतो. नुकसान बहुधा शंकूसारखे पसरते: ठोक्याच्या बाजूला लहान, पलीकडच्या बाजूला मोठे. पलीकडची बाजू रिमच्या पोकळीत असते आणि तेथे डोळा पोहोचत नाही. विमानशास्त्रात अशा नुकसानाला स्वतंत्र नाव आहे. त्याचा मराठीत अर्थ 'जेमतेम दिसणारी आघातहानी' असा करता येईल.

म्हणून पहिला प्रश्न मी रिमविषयी विचारला नाही. मी ट्यूब मागितली. सुदैवाने त्याने ती टाकून दिली नव्हती. तिच्यावर समोरासमोर दोन छिद्रे होती. काटा किंवा खिळा गेला तर छिद्र एक पडते. दोन छिद्रे याचा अर्थ टायर पूर्ण दबला, ट्यूब मोरीची कड आणि रिमचे दोन्ही ओठ यांच्यामध्ये चिमटली गेली, आणि उरलेला आघात थेट रिमने घेतला. हा पुरावा रिमवरच्या रेघेपेक्षा अधिक बोलका होता. व्हॉल्व्हपासून मोजून छिद्रांची जागा काढली, टायर त्याच स्थितीत बसवून पाहिला. ती जागा रेघेशी जुळली.

मग चाक धुतले, कोरडे केले, दार लोटून अंधार केला आणि विजेरीचा प्रकाश रिमच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकला. अशा तिरप्या उजेडात सावल्या लांबतात आणि सूक्ष्म फुगवटाही दिसतो. फुगवटा दिसला नाही. कापसाचा बोळा ओठावरून फिरवला. तुटलेला तंतू बाहेर आला असेल तर कापूस अडकतो. रेघेच्या एका टोकाशी एक बारीक धागा अडकला, परंतु लाखेचा टवका उडाला असेल तरी तो अडकेलच. भाच्याने एका मोठ्या शहरातील दुरुस्तीवाल्याला छायाचित्रे पाठवली होती. "केवळ लाख तडकली आहे, बिनधास्त चालवा," असे उत्तर आले होते. छायाचित्रावरून 'लाख तडकली आहे' हा वाक्याचा पहिला भाग सांगता येतो. 'केवळ' हा शब्द त्यावरून सांगता येत नाही.

यानंतर रुपयाचे नाणे.

भावोजी इतका वेळ दूर बसून पाहत होते. नाणे पाहिल्यावर ते जवळ आले. कुंभकोणम्‌चा परिसर पितळ-काशाचा आहे. स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात, नाचियारकोविलला समया घडतात. "आम्हीही भांडे वाजवूनच घेतो," ते म्हणाले. मराठीत मडके वाजवून घेणे म्हणतात तेच. पण येथे मला त्यांना थोडे थांबवावे लागले, कारण मडक्याचा नाद आणि रिमवरची टिचकी ही वरकरणी सारखी दिसली तरी त्यांचे भौतिकशास्त्र वेगळे आहे.

मडके किंवा घंटा वाजते तेव्हा ती वस्तू अख्खी कंप पावते. कोठेही तडा असला तरी त्याच्या कडा एकमेकींवर घासतात, कंपनाची ऊर्जा तेथे झिरपते आणि नाद लवकर विझतो. म्हणून तडा नेमका कोठे आहे हे माहीत नसतानाही एका टिचकीत कळते की मडके बद्द आहे. टायर आणि तारा चढवलेल्या रिमला असा नाद उरतच नाही. तेथे नाणे ऐकवते ते फक्त त्याच्याखालच्या काही मिलिमीटरांविषयी. कॉली आणि ॲडम्स या ब्रिटिश संशोधकांनी १९८८ साली या ठोक्याचे गणित मांडले. पापुद्रा सुटलेला असेल तर त्या जागेचा ताठपणा कमी होतो, तो भाग जणू मऊ स्प्रिंग होतो. नाणे पृष्ठभागाला टेकून राहते तो काळ किंचित लांबतो. आघात जितका लांब, तितकी त्यातील उच्च वारंवारता कमी. कानाला म्हणून तो आवाज 'टिक्' ऐवजी 'ठप्' असा येतो.

टायर उतरवून आम्ही दर अर्ध्या सेंटिमीटरला एक ठोका अशी पूर्ण रिम वाजवली. तारांच्या छिद्रांपाशी आवाज बदलतो, कारण तेथे भिंत जाड असते, जोडाच्या जागी बदलतो, व्हॉल्व्हपाशी बदलतो. त्यामुळे कानाने ऐकलेला फरक आपोआप दोष ठरत नाही. उपाय एकच: चाकाची सममिती वापरायची. दोन तारांच्या मधली प्रत्येक जागा दुसऱ्या दोन तारांच्या मधल्या तशाच जागेशी ताडून पाहायची, आणि डावी भिंत उजवीशी. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. रेघेपाशी आम्ही पोहोचलो तेव्हा तिनेच आतून विचारले, "आता काय झाले?" तेथे रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे सहा सेंटिमीटर आवाज बद्द होता. तेवढी जागा आम्ही खडूने आखली.

"सहा सेंटिमीटरच ना? चाकाचा घेर दोन मीटर आहे," भाचा म्हणाला. तीन टक्के भाग बिघडला तर बळ तीन टक्क्यांनी घटेल, हा तर्क इतका स्वाभाविक आहे की तो कोठे चुकतो ते सविस्तर पाहिले पाहिजे.

चाक उभे असतानाही रिम मोकळी नसते. त्याच्या पुढच्या चाकाला २० तारा आहेत. प्रत्येकीत साधारण १,००० न्यूटन ताण धरला, तर सगळ्या मिळून रिमला आत ओढतात आणि रिमच्या काटछेदात त्यामुळे निर्माण होणारा दाब होतो २०,००० भागिले २π, म्हणजे सुमारे ३,२०० न्यूटन. तीनशेहून अधिक किलोग्रॅम वजनाइतका हा दाब, सायकलवर कोणी बसण्याच्या आधीचा. आता एक पातळ पट्टी टोकांवरून दाबली तर ती वाकते, आणि वाकण्याला तिचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. पट्टी मधोमध चिरून दोन निम्म्या जाडीच्या पट्ट्या झाल्या तर प्रत्येकीचा विरोध एक-अष्टमांश, दोन्हींचा मिळून एक-चतुर्थांश. तीन पट्ट्या झाल्या तर एक-नवमांश. पदार्थ तेवढाच, तंतू तेवढेच, एकही तुटलेला नाही. तरी बळ पाव. पत्त्यांचा गठ्ठा डिंकाने चिकटवून दाबून पाहा, मग सुटा करून दाबून पाहा. ओढीखाली सुटलेले पापुद्रे फारसे कमी पडत नाहीत, दाबाखाली पडतात. म्हणूनच संमिश्र पदार्थांच्या प्रयोगशाळांत नमुन्यावर आधी आघात करतात आणि मग तो दाबून तपासतात. रिमची दुबळी जागा तीन टक्के असली तरी पूर्ण ३,२०० न्यूटन त्या जागेतूनही जातात. त्यांना वळसा घालायला दुसरी वाट नाही.

त्यात टायरचा भार मिळवायचा. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ७ बार हवा भरली तर त्याच्या कापडातील ताण, ढोबळ हिशेबाने, दर सेंटिमीटरला ९० न्यूटनांच्या जवळ जातो, आणि तो रिमच्या ओठाला धरून असतो. रेघ होती ती नेमकी ओठापाशी.

आणि मग घाट. या सायकलचे ब्रेक रिमवरच दाबतात. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलोग्रॅम आणि हजार मीटर उतराई धरली तर सोडून द्यायची ऊर्जा होते सुमारे ७,३५,००० ज्यूल. निम्मी हवेच्या विरोधात गेली असे मानू. उरलेली निम्मी साडेचारशे ग्रॅमच्या दोन रिमांत शिरली आणि वाटेत वाऱ्याने काहीच नेले नाही, तर त्यांचे तापमान ४०० अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात वारा बरेच काही नेतो. परंतु ७० वळणांवर वेग कमी आणि ब्रेक अधिक, आणि राळेतून उष्णता सावकाश वाहते. बहुतेक इपॉक्सी १२० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केव्हातरी मऊ पडू लागतात. ज्या पदार्थाच्या भरवशावर पापुद्रे एकत्र आहेत तोच तेथे मऊ होतो. सपाट कावेरीखोऱ्यात हा प्रश्न कधी उद्भवला नसता.

भाच्याने मग शेवटचा मुद्दा काढला, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. "त्या दिवसानंतर ट्यूब बदलून मी साठ किलोमीटर चालवली. काही झाले नाही."

त्याला मी टायटन या पाणबुडीची गोष्ट सांगितली. तिचा मधला दंडगोल कार्बन तंतूंचा, सुमारे पाच इंच जाडीचा, आणि समुद्रतळाकडे जाताना तो सर्व बाजूंनी दाबला जाणारा. १५ जुलै २०२२ रोजी, ८०व्या बुडीहून वर येताना, आतल्या लोकांनी मोठा स्फोटासारखा आवाज ऐकला. दंडगोलावर बसवलेल्या ताणमापकांच्या नोंदी त्यानंतर बदललेल्या होत्या, हे पुढे तपासात दिसून आले. तरी ती नंतरही पाण्यात उतरली आणि सुखरूप वर आली. १८ जून २०२३ रोजी ती चिरडली गेली आणि आतील पाचही जण मृत्यू पावले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून ही दुर्घटना टाळता आली असती असे म्हटले. त्या आवाजानंतरची प्रत्येक सुखरूप फेरी कोणाला तरी पुरावा वाटली असेल. पापुद्र्यांमधली चीर मात्र प्रत्येक भाराबरोबर थोडी पुढे सरकू शकते, आणि ती किती सरकली हे सुखरूप परतलेल्याला कळत नाही.

मग विमाने कशी उडतात, हा त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. विमानांनाही गारा लागतात, हत्यारे निसटून पंखावर पडतात. तेथे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या २००९ च्या मार्गदर्शक पत्रकात संमिश्र रचनांच्या नुकसानाचे पाच वर्ग आहेत. पहिल्या वर्गात नजरेतून सुटू शकणारे नुकसान येते, आणि ते पोटात घेऊनही रचनेने अंतिम भार, म्हणजे सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट, पेलला पाहिजे असा दंडक आहे. नमुने मुद्दाम आघाताने बिघडवून, मग वारंवार भार देऊन हे सिद्ध करावे लागते. सायकलच्या चाकांनाही आयएसओ ४२१० या मानकातील चाचण्या आहेत, पण त्या नव्या चाकाच्या. ज्या चाकाची एक ओठाची भिंत मोरीवर आपटली आहे ते उरलेले आयुष्य कसे काढील, याची नोंद कोणाकडे नसते. जुन्या, दुसऱ्या हाताच्या चाकाची तर नाहीच.

"मग तुझ्या प्रयोगशाळेत नेऊ या," तो म्हणाला. नेता आले असते. अतिध्वनी पापुद्र्यांच्या आरपार सेकंदाला साधारण ३,००० मीटर जातो. ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.६ मिलिमीटर. रिमची भिंत दीड मिलिमीटर असेल तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांचे प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदाच्या अंतराने येतात, आणि त्यांच्या मधोमध लपलेली चीर शोधायची. ओठाच्या वळणावर शोधक नीट टेकतही नाही. तरीही कष्टाने एक नकाशा मिळाला असता: येथे थर सुटले आहेत, येथे नाहीत. त्या नकाशावर 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे लिहिलेले नसते. त्यासाठी तसेच दहा चाके तशीच आपटून, मोडेपर्यंत भार देऊन पाहिलेली असावी लागतात. उपकरण अधिक महाग झाले म्हणून हा भाग आपोआप भरून निघत नाही, आणि माझ्या पदवीनेही नाही, हे ताईला समजावणे भाच्याला समजावण्यापेक्षा कठीण गेले.

नाण्याने बद्द आवाज दिला नसता तर? तरीही ट्यूबवरची दोन छिद्रे होतीच, आणि घाटासाठी मी ते चाक नकोच म्हटले असते. गावातल्या गावात, सावकाश, त्या परिस्थितीत कदाचित हो म्हटले असते आणि दर आठवड्याला पुन्हा वाजवायला सांगितले असते. मागचे चाक असते तर थोडी अधिक सूट दिली असती. मागचे चाक बसले तर सायकल घसरते. पुढचे बसले तर माणूस तोंडावर पडतो, हात पुढे करायला वेळ मिळत नाही. चाक बाद करण्याचा खर्च भाच्याला खरोखरच जड होता; दीड वर्षाच्या शिकवण्या त्यात होत्या. कार्बन चाके बनवणारे तर बहुधा कोणत्याही आघातानंतर चाक बदला असेच सांगतात, आणि त्यांना नवे चाकही विकायचे असते, हे त्याने मला ऐकवलेच. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तरी आपण संभाव्यता मोजू शकत नाही तेव्हा निदान दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत शेजारी-शेजारी मांडता येते. तिण्णैवर बसून आम्ही ती मांडली. एका बाजूला पैसे होते.

तो कोल्लि डोंगराला गेला, कुंभकोणम्‌च्या दुकानातून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या साध्या चाकावर. ते जड आहे, अशी तक्रार त्याने फोनवर दोनदा केली.

जुने चाक विकून टाकू नकोस, एवढे मी निघताना बजावले होते. अशी चाके पुसून, चकचकीत करून पुढे विकली जातात. त्याऐवजी त्याने ते कापायचे ठरवले. मी सांगितल्याप्रमाणे तोंडाला मास्क, हातांत मोजे, आणि करवतीवर सतत पाण्याची धार, कारण या तंतूंची धूळ फुप्फुसांत जाऊ द्यायची नसते. रेघेतून आडवा काप घेऊन त्याने भिंगातून छायाचित्र पाठवले. ओठाच्या भिंतीत दोन काळ्या रेषा स्पष्ट दिसत होत्या: तीन पट्ट्या. आतल्या पृष्ठभागावर तुटलेल्या तंतूंची कुसे उभी होती. मग त्याने खडूच्या खुणांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरवर पुन्हा कापले, जेथे नाणे आम्हाला स्वच्छ 'टिक्' असे ऐकवत होते. एका बाजूला चीर संपलेली होती. दुसऱ्या बाजूला ती तशीच पुढे गेली होती. कोठपर्यंत, हे पाहण्यासाठी तो पुढच्या रविवारी आणखी एक काप घेणार आहे.